कुंकू लागलेला मांचुकुओचा राजा

नागपुरातल्या मनीषनगरचे मार्तंडराव पांढरीपांडे विमा कचेरीत हेडक्लार्क होते. हरवलेली फाईल मिळेपर्यंत घरी न जाणारा माणूस. पोस्टाच्या तिकिटांचा नादही त्यांना असाच लागला. इतवारीत भांड्यांचं दुकान चालवणारे त्यांचे मित्र शालिकराम जुनी तिकिटं जमवत. एकदा त्यांनी गंमत म्हणून मूठभर तिकिटं दिली. त्यातल्या एकावर पांढरा मनोरा होता आणि ज्या देशाचं नाव होतं, तो देश नकाशात कुठेच नव्हता. मार्तंडरावांची झोप उडाली.

शोधता शोधता कळलं, की हा मांचुकुओ. जपानने चीनचा लचका तोडून उभं केलेलं राज्य. गादीवर चिनी राजघराण्यातला माणूस आणि दोऱ्या सगळ्या जपानच्या हातात. तेरा वर्षं चाललं आणि युद्ध हरल्याबरोबर संपलं. मागे तिकिटं उरली. मार्तंडरावांनी एकतीस वर्षं दुसऱ्या कुठल्या देशाच्या तिकिटाला हात लावला नाही.

यंदा शहरात तिकिटांचं प्रदर्शन भरायचं होतं. एका चौकटीत सोळा पानं, कमी नाही, जास्त नाही. मार्तंडरावांचं दोनदा हुकलं होतं, कारण चष्मेवाल्या राजाचं एक कोरं तिकीट मिळत नव्हतं आणि त्याची जागा मोकळी सोडणं त्यांना पटत नव्हतं. कोरं म्हणजे मागचा गोंदसुद्धा जसाच्या तसा. ते श्रावणात मिळालं. सोळावं पान तयार झालं. बहात्तराव्या वर्षी एकदा तरी चौकट लागावी आणि पदक मिळावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती घरात सगळ्यांना पाठ झाली होती.

खंडेनवमीला घरातली हत्यारं, अवजारं देवीपुढे मांडतात. सिंधूताई दरवर्षी विळी, शिवणयंत्र आणि नवऱ्याचा तिकिटं उचलायचा चिमटा, भिंग मांडत. यंदा त्यांना वाटलं, प्रदर्शन आठ दिवसांवर आलं, आईचा आशीर्वाद थेट पानालाच मिळू दे. पान प्लास्टिकच्या पाकिटात होतं. पण झाकलेल्या वस्तूला पूजा कशी पोचणार? त्यांनी पान बाहेर काढलं. विळीला बोट लावलं, यंत्राला लावलं, आणि पानावर माणसाचा फोटो दिसला, तसं ओलं कुंकू नेमकं राजाच्या कपाळावर टेकवलं. गेलेल्या माणसाच्या फोटोला लावतात तसं.

मार्तंडराव आंघोळ करून आले, पाहिलं आणि पाटावर बसले. सिंधूताईंना आपलं काही चुकल्याचं त्यांच्या बसण्यावरून कळलं.

"अहो, ओल्या कापसानं पुसू का?"

"हात लावू नको."

दसऱ्याचं सोनं द्यायला उद्या यायचे, ते शालिकराम आजच दुपारी हजर. दारातूनच म्हणाले, "मार्तंडभाऊ, काहून असे सुतकी चेहरा करून बसून राहिले?" पान पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. "वैनी, तुम्ही तं राजाले सवाष्ण करून टाकलं!"

"हसू नका भाऊजी. पाण्यानं निघेल का ते सांगा."

"कुंकू निघन, पण मंग गोंदही जाईन. मंग ते कोरं कुठं राह्यलं?" शालिकरामांनी भिंग लावलं, अन् आवाज खाली आणला. "एक सांगू? युद्ध संपल्यावर चिनी पोस्टवाल्यांनी याच तिकिटांवर हातानं ठसे मारले, का राजा गेला म्हणून. लाल शाईचेबी आहेत. तसं लिहून द्या खाली. कोण पाहून राहिलं?"

सिंधूताईंनी मान वर केली. वाट निघत होती. मार्तंडरावांनी पान आपल्याकडे ओढलं.

"पोस्टवाले कपाळ शोधून ठसा मारत नव्हते, शालिकराम."

"परीक्षकाले कुठं ठाऊक?"

"मला ठाऊक आहे."

दुसरं कोरं तिकीट आठ दिवसांत मिळणं शक्य नव्हतं. मार्तंडरावांनी पान पाकिटात घातलं आणि खाली बारीक अक्षरात ओळ लिहिली: 'गोंद मूळचा. कपाळावर कुंकू. खंडेनवमीची पूजा, नागपूर.' सिंधूताई म्हणाल्या, "माझं नाव नका घालू हो." त्यांनी घातलं नाही.

चौकट लागली. लोक इतर पानांवरून भराभर पुढे सरकत आणि त्या ओळीपाशी थांबत. कोणी हसलं, कोणी फोटो काढला. परीक्षक पुण्याहून आले होते. त्यांनी वही काढून पुष्कळ लिहिलं आणि संध्याकाळी नुसतं भाग घेतल्याचं प्रमाणपत्र हाती दिलं. पदक नाही.

"अभ्यास पक्का आहे तुमचा," ते म्हणाले, "पण खराब तिकिटाचे गुण जातात. ही जागा मोकळी सोडली असती तरी चाललं असतं. गुण कमी गेले असते."

"जागा मोकळी नव्हती," मार्तंडराव म्हणाले. प्रमाणपत्राची घडी न पडू देता त्यांनी ते पिशवीत ठेवलं, आणि सिंधूताईंना दाराशी थांबायला सांगून स्कूटर आणायला गेले.