गालिच्याच्या कडेकडेनं

घर सोडलं त्या सकाळी आमच्या पुढच्या खोलीत कापूस भरलेला होता. दारापासून खिडकीपर्यंत पांढरा ढीग, आणि भिंतीलगत एक पाऊल मावेल एवढीच वाट. बाहेर ऑटो हॉर्न वाजवत होता, माझे मिस्टर पिशव्या घेऊन केव्हाचे त्यात बसले होते. माझी शाल आत राहिली म्हणून मी घाईत वळले आणि सरळ ढिगात पाय टाकणार, तेवढ्यात आई ओरडली, "अवं, कापसावर पाय नको देऊ! कडेनं जाय!" लक्ष्मी ना ती. मग आई रडली, मी रडले, ऑटोतूनच केळझरच्या गणपतीला हात जोडले. पण घर सोडताना आईनं मला सांगितलं काय, तर एवढंच. कडेनं जाय.

त्याला अकरा वर्षं झाली. तुम्ही गावाकडचे फोनवर विचारता, चंदीगडात करमते काय? मी हो म्हणते. माझ्यासारख्या लग्न होऊन दूर गेलेल्या बायांना त्या हो मधलं सगळं कळेल.

मी इथंही कडेनंच चालत आले. शाळा आठवीत सुटली ती सुटलीच. हिंदी आपली वर्ध्याची, 'मेरे को, तेरे को' वाली. बँकेत फॉर्म भरायचा म्हटलं की अजून मिस्टरांना पुढं करते. गालिच्यांच्या दुकानात काम मागायला गेले तेव्हा मालकीणबाईंनी, म्हणजे आंटीजींनी, दाखला मागितला नाही. माझ्या ब्लाउजची शिलाई उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "कल से आ जा." तेव्हापासून मी गालिच्यांच्या कडा शिवते. आंटीजींच्या नावानं आजही देवापुढं एक वात जास्त लावते.

आता तर गिऱ्हाइकांना सल्लाही मीच देते. खोली लहान असेल तर फिका रंग घ्या. लेकरं असतील तर आखूड लोकर, सांडलेलं लवकर निघतं. सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर आले पाहिजेत. आणि चारी बाजूंनी वीतभर फरशी मोकळी सोडा, खोली मोठी दिसते. इथल्या मोठ्या बंगल्यांमधल्या बाया माझं ऐकतात, आणि मी घरी येईपर्यंत घाबरत राहते की माप चुकलं तर नसेल ना. म्हणून प्रत्येक माप तीनदा घेते.

एवढं करून माझ्या स्वतःच्या घरात गालिचा नव्हता. गेल्या हिवाळ्यात आई पहिल्यांदा आली आणि आठव्या दिवशी परत गेली. "फरशीचा गारठा हाडात शिरते वो. तिकडं आपलं सारवलेलं बरं," म्हणाली. अकरा वर्षांत आठ दिवस. यंदा दादानं सोयाबीनच जास्त पेरलं, कापूस थोडाच, वेचणीचं काम कमी, म्हणून ती पुन्हा यायला तयार झाली. मी ठरवलं, या खेपेला आईला हिवाळाभर ठेवायचंच.

मग महिनाभर जिवाला चैन नाही. दुसऱ्यांना दोन मिनिटांत सांगणारी मी, स्वतःसाठी रोज एक गालिचा पसंत करायचे आणि रोज तो मनातून उतरायचा. शेवटी दुकानातला सगळ्यात दाट, सगळ्यात ऊबदार निवडला. सायीच्या रंगाचा, बोटं बुडतील इतकी उंच लोकर.

आई आली. दारातच चपला काढल्या, गालिच्याकडे पाहिलं आणि भिंतीला पाठ लावून, मी मोकळ्या सोडलेल्या त्या वीतभर फरशीवरून आडवी आडवी चालत पलीकडे गेली. तिथंच गार फरशीवर बसली.

"आई, वर बस ना. तुझ्यासाठीच आणला."

"पाय देववत नाई वो मले. उघड्या कापसावानी दिसते."

"लोकर आहे ती!"

"असू दे. पायाले थोडंच समजते?"

चार दिवस तेच. पाचव्या दिवशी तिनं माझ्या मिस्टरांना विचारलं, "जावईबापू, परतीचं तिकीट कोनत्या तारखेचं हाय?" मला रागही आला आणि धडकीही भरली. गालिचा बदलून मागायचा कसा? आंटीजी काय म्हणतील? मी घाबरत घाबरत सांगितलं, तर त्या हसल्या. "माँजी को ही ले आ."

दुकानात आईनं एकाही गालिच्याचा रंग पाहिला नाही. प्रत्येकाचा कोपरा उलटून पाठ पाहिली, कडेचा एखादा धागा उकलून दोन अंगठ्यांत धरून ओढला, जसा ती कापसाचा धागा पाहते तसा. आंटीजी काम सोडून बघत राहिल्या. कोपऱ्यात एक सपाट विणीचा, निळ्या-तपकिरी पट्ट्यांचा पडला होता. मी तो कुणालाच दाखवत नसे.

"हा सुताचा हाय," आई म्हणाली. "कताई झाली, विणाई झाली. आता याचं बसनंच काम."

तो अंथरला त्या दुपारी आई त्याच्या बरोबर मधोमध बसली. पाय लांब केले, पुढ्यात परात घेऊन तूर निवडायला लागली. तेवढ्यात दादाचा फोन आला. "तिकिटाचं राहू दे," ती त्याला म्हणाली. "होळी झाल्यावर पाहू."

मी चहा घेऊन आले. नव्या गालिच्यावर डाग नको म्हणून, आणि सवयीनंही, भिंतीलगतच्या फरशीवरून. आईनं परातीतून मान वर केली.

"अवं, तू काऊन कडेकडेनं चालून राह्यली? मंधात ये. चहा सांडन तं सांडन."

मी पाय ठेवला. तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि तुरीतले खडे वेचू लागले. गावाकडं होतं ते घर, की हे, मला नीटसं सांगता येणार नाही. पण त्या दुपारी मी मधोमध बसले होते, हे पक्कं.

होळीपर्यंतचे दिवस मात्र मोजत असते. तीनदा मोजते.