बाळंतशोप कधी उतरवायची

आई बाळंतिणींसाठी सुपारी करते. नाव सुपारी, पण तिच्यात सुपारी नसते. शेपूचं बी, म्हणजे बाळंतशोप, शिवाय ओवा, तीळ, खोबऱ्याचा कीस आणि सैंधव. एकेक जिन्नस वेगळा भाजायचा आणि मग एकत्र करायचा. बाळंतिणीनं जेवणानंतर चिमूटभर चघळायची. सोलापुरातल्या आमच्या घरून ती शहरात आणि आसपासच्या गावांत जाते.

या कामात अवघड जागा एकच आहे. बाळंतशोप कच्ची राहिली तर गवतासारखी लागते, जास्त झाली तर कडू होते. मधली वेळ अर्ध्या मिनिटाची, आणि ती फक्त वासावरून कळते. ढवळायची माझी बायको; आई कढईजवळ उभी राहायची आणि एकच शब्द बोलायची, "उतरव." शेवटी चिमूटभर तळहातावर चोळून हुंगायची आणि मगच माल पुड्यांत जायचा.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. आवृत्ती बंद झाल्यावर घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासू लागलो. शेपूच्या तेलात कार्व्होन नावाचं संयुग असतं, हे मी पूर्वी एका पुरवणीच्या लेखात वाचलं होतं. तेच संयुग पुदिन्याच्या एका जातीतही असतं, मात्र त्याचा रेणू आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा, त्यामुळे वास अगदी निराळा. हे आईला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, कढई कधी उतरवायची ते लिवलंय का त्यात?

गेल्या उन्हाळ्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही आठवडे शेगडीच्या धगीजवळ जायला मनाई केली. आता 'उतरव' कोण म्हणणार, हा प्रश्न होता. मला वाटलं, मी. तो वास घेतच मी या घरात वाढलो होतो. आईनं ते काम माझ्या बायकोला सांगितलं. बायको अक्कलकोटच्या पलीकडच्या गावची. चिडली की कन्नडात बोलते. या घरात येऊन तिला नऊ वर्षं झाली होती. मी का नाही, असं विचारल्यावर आई म्हणाली, तुझं काम डोळ्याचं, तिचं नाकाचं.

मला हेवा वाटला. राग नव्हता, कारण बायकोनं काही मागितलं नव्हतं. पण दुपारी आई तिला पलंगाजवळ बसवून घ्यायची आणि हळू आवाजात काहीबाही सांगायची. ते सांगणं मला कधी मिळालं नव्हतं.

मी मुद्रितं घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसू लागलो. कारण पंख्याचं दिलं. खरं म्हणजे तिची चूक पकडायची होती. वास भरला की मी मनात 'आता' म्हणायचो आणि तिचा हात किती मागेपुढे होतो ते पाहायचो. ती एकदाही चुकली नाही.

मग तापाची साथ आली. आई आणि मी सुटलो, बायको पाच दिवस झोपून होती. उठली ती पुन्हा कढईशी उभी राहिली. त्यानंतर आठवडाभरानं एका सकाळी तिच्या पाठीमागच्या शेगडीवर दूध करपलं. घरभर वास झाला. आईनं बाहेरच्या खोलीतून हाक मारली, तोवर ही ओवा निवडतच होती.

तिला वास येत नव्हता. तरी त्या आठवड्यातली सगळी सुपारी आईनं हुंगून चांगली ठरवली होती. कसं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. बाळंतशोप ढवळताना बायको कढईकडं पाहत नव्हती. माझ्याकडं पाहत होती. मी मनात 'आता' म्हटलं आणि तिनं गॅस बंद केला.

आईला मी हे सांगितलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी शेजारच्या काकू आईला भेटायला आल्या. आई त्यांना सांगत होती, "माझ्यापरीस हिचं नाक लई तरबेज हाय. आमचा ह्यो नुसता काना-मात्रा हुंगतोय." काकू हसल्या. बायको चहा देत होती. तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी जवळच्या कुंभारी गावातल्या एका घरची मागणी होती. पहिलटकरीण होती, संध्याकाळी तिचा भाऊ सुपारी न्यायला येणार होता. बायकोनं बाळंतशोप कढईत टाकली तशी मी मुद्रितं उचलली. ती म्हणाली, अहो, बसा की हितंच. गच्चीवर वारं आहे, असं मी सांगितलं. सोलापुरात त्या दिवसांत दुपारी गच्चीवर वारं नसतं.

मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभा राहिलो. थोड्या वेळानं करपल्याचा वास वर आला.

खाली गेलो तेव्हा आई काळा चष्मा लावून पलंगावर बसली होती. तळहातावर काळी पडलेली बाळंतशोप होती. बायको समोर उभी होती. आई तिला विचारत होती, असं कसं झालं. तेव्हा मी सांगितलं, की तापापासून हिला वास येत नाही आणि आतापर्यंतची सुपारी माझ्या नाकावर झाली आहे.

"व्हय," बायको म्हणाली. "ह्यांच्या तोंडाकडं बघून उतरवत हुते. ह्यांच्या नाकपुड्या हलायच्या."

आईनं तोंड आमच्याकडं वळवलं. काळ्या चष्म्यामुळे ती कुणाकडं पाहते आहे ते कळत नव्हतं.

"मग आज तू कुटं हुतास?"

"गच्चीवर."

"हिला वास येत न्हाय हे ठाऊक असून?"

मी हातातली मुद्रितं खाली ठेवली. आईनं तळहातावरची बाळंतशोप कागदावर झटकली आणि डब्यात आणखी किती शिल्लक आहे ते बायकोला विचारलं.

दुसरा घाणा लगेच घातला. बायको ढवळत होती, मी शेजारी उभा होतो. वेळ झाल्यावर मी "उतरव" म्हणालो. तिनं चिमूटभर आईकडं नेली. आईनं हुंगली आणि बरी हाय म्हणाली, तिला.

बायकोचं नाक ताळ्यावर यायला पुढं दीड महिना लागला. तोवर तो शब्द मीच म्हणायचो. ढवळताना ती कढईकडं पाहायची, माझ्या तोंडाकडं नाही.