कुंकू लागलेली घोडी

अक्कलकुव्याच्या दवाखान्यात म्हशीला सलाईन लावत होतो, तेव्हा फोन आला... आमच्या गावचे गुरांचे वसंत डॉक्टर गेले. सलाईन संपेपर्यंत मी बाटली धरून तसाच उभा राहिलो. हातातलं जनावर आधी, ही त्यांचीच शिकवण.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. पशुवैद्यक कॉलेजच्या प्रवेशाला डॉक्टर स्वतः आले आणि वडिलांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसले. पुढे सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली काम करू लागलो. एका बैलाचं शिंग कापायचं होतं. मी गुंगीचं इंजेक्शन भरलं, तर त्यांनी मनगट धरलं. "उतारा कोठे शे?" गुंगी परतवणाऱ्या औषधाला ते उतारा म्हणत. "झोपाडता कोनलेबी येस रे भो. उठाडता येस का तुले?" उतारा गाडीतून आल्यावरच सुई लागली.

मागच्या हिवाळ्यात सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मी त्यांच्यासोबत होतो. तापीकाठचे केळीचे बागायतदार आप्पा यांनी मुलाच्या वरातीसाठी पांढरी घोडी घेतली. आमच्याकडे घोडीला कुंकू लावून नारळ फोडला की सौदा पक्का. मग परत करणं म्हणजे दारात आलेली लक्ष्मी हाकलणं. आप्पांनी कुंकू लावलं आणि मग डॉक्टरांना बोलावलं. घोडीची मान खाली, ओठ लोंबलेला, एवढ्या गोंगाटात कानसुद्धा हलत नव्हता.

"आप्पा, हाई घोडी गरीब नही, गुंगीमां शे. काय टोचं ते व्यापारीले इचारा. नहीतर सांजपावेतो बांधी ठेवा, मंग दखा."

"कुंकू लागी गयं, डाक्टरसाहेब! लगननी घोडी शे, नजर नका लावू." भोवतीचे सगळे हसले. व्यापारी देवाच्या शपथा घेत होता.

वाटेत टेम्पोत गुंगी उतरली. घोडीचा पाय फळ्यांत अडकला आणि ती लाथांवर लाथा मारू लागली. आप्पांनी फोन केला तो डॉक्टरांनाच. आम्ही पोहोचल्यावर मी म्हटलं, थोडी गुंगी देऊ या. डॉक्टर म्हणाले, आधी काय टोचलंय, किती टोचलंय, माहीत नाही. त्यावर आणखी दिलं तर जागीच मरेल. ते तसेच आत चढले. पाय सोडवला... आणि घोडीनं त्यांना फळीवर दाबलं. बरगड्या मोडल्या, एक फुप्फुसात घुसली. त्यानंतर ते अंथरुणातून उठलेच नाहीत.

दहाव्याला नदीवर आप्पा आले होते. म्हणाले, "कुंकू लागेल घोडीले नाव ठेवं, तेनं फळ भेटनं." काकू, डॉक्टरांच्या पत्नी, जवळच बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. 

गेल्या आठवड्यात आप्पांचा मला फोन. वरातीत डीजे आहे, घोडी बुजते. "थोडं शांत करानं इंजेक्शन दी जा ना, दादा." मी नाही म्हटलं. "चार बुकं काय शिकना, माजी गया," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

इंजेक्शन दुसऱ्या कुणीतरी दिलं असणार. वरात डॉक्टरांच्या घरावरून निघाली तेव्हा मी काकूंना भेटायला गेलो होतो. फटाके फुटत होते, डीजे धडधडत होता आणि नवरदेवाला पाठीवर घेऊन घोडी निमूट चालत होती. वरातीतला एक जण खिडकीत मला बघून ओरडला, "दखं का? कितली गरीब शे! तुन्हा डाक्टर उगाच भेव दखाडे."

काकूंनी उठून खिडकी लावून घेतली.