मी पुस्तक उलटं वाचलं

मंडळी, आज दुपारपासून मला काही सुचत नाहीये.

पुतणी तिचं मांगा, म्हणजे जपानी चित्रांचं पुस्तक, सोफ्यावर विसरली. शाळेतल्या प्रेमाची गोष्ट, तीही दोन मुलग्यांची! मी सहज उघडलं. पहिल्याच चित्रात दोघे हातात हात घालून उभे. पुढे सायकलवर डबलसीट. मग वर्गात लांब लांब बसलेले. शेवटी तर एकमेकांना ओळखतही नाहीत.

पुतणी आली आणि हसत सुटली. "काका, उलटं वाचलंत! हे मागून सुरू होतं. शेवटी ते एकत्र येतात हो!"

मला हसू येईना. माझं तर मी वाचलं त्याच क्रमाने झालं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या वर्गात मिरकरवाडा बंदरावरचा दिन्या होता. कपड्यांना मासळीचा वास येतो म्हणून त्याच्या बाकावर कोणी बसत नसे. मी बसायचो. शाळा सुटली की तो माझ्या सायकलच्या कॅरिअरवर. उतार लागला की मागून माझा शर्ट घट्ट धरायचा. त्याला काय म्हणतात, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

दहावीनंतर तो मामाकडे मुंबईला निघाला. एसटीच्या खिडकीतून म्हणाला, "येतो हां."

आला नाही.

आपल्याकडे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, हे मला कळतं. तरी त्या उतारावर आजही स्कूटरवर मागून शर्ट ओढल्यासारखा वाटतो.

तुम्हीच सांगा, त्याचं ते 'येतो हां' म्हणजे नुसती रीत होती, की त्याने शब्द दिला होता?