मे महिन्यातली दुलई

छत्तीसगडचं मंत्रालय नव्या रायपूरला गेलं तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. तोवर ऑफिस घरापासून रिक्षाच्या अंतरावर होतं. आता सकाळी कर्मचाऱ्यांची बस पकडायची, तासभर त्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवरून जायचं आणि संध्याकाळी तसंच परत यायचं. नवरा रेल्वेत, त्याच्या पाळ्या बदलत्या. मुलगी कॉलेजात, मी मराठीत विचारायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. घरी पोचले की कुणाशी बोलायचंही त्राण उरत नसे.

त्यात माझ्या टेबलाच्या नेमकी वर एसीची जाळी. बाहेर रायपूरचा मे महिना, डांबर वितळतंय, आणि आत माझे खांदे आखडलेले. जागा बदलून मागितली, मिळाली नाही. जाळीवर पुठ्ठा लावला, तो कुणीतरी काढून टाकला. मग मुलीने मॉलमधून एक गुळगुळीत शाल आणून दिली. अंगावर घेतली की चटचट आवाज करायची आणि मानेला खाज सुटायची. तिला वाईट वाटू नये म्हणून थोडे दिवस वापरली. मग मान उजवीकडे वळेनाशी झाली.

त्या दिवशी मी बसमधून बूढातलावाशी उतरले आणि तिथल्याच बूढापारा मोहल्ल्यातल्या कापडाच्या दुकानात गेले. लग्न होऊन रायपूरला आल्यापासून टॉवेल, चादरी, ऑफिसच्या सुती साड्या मी तिथूनच घ्यायची. भाऊ आणि त्याची मोठी बहीण, दोघं मिळून दुकान चालवत. घराणं मराठीच, पण नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथलं, त्यामुळे निम्मं बोलणं हिंदीत. भाऊ पुढे गादीवर बसायचा. बहीण मागच्या खोलीत मशीनवर शिवायची. माल अभनपूरकडच्या विणकरांचा, म्हणून कापडाचं थान उलगडलं की खळीचा वास यायचा.

"भैया, काही गरम दाखवा," मी म्हटलं. "अंगावर घ्यायला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "दीदी, मे महिना आहे. तब्येत ठीक आहे ना?"

मी ऑफिसचं सांगितलं. मागच्या खोलीतलं मशीन थांबलं आणि बहीण पडदा सारून बाहेर आली. "काहून? तिथे बर्फ पडून राहिला का?"

मला हसू आलं, पण हसताना मान दुखली. तिने ते पाहिलं. मला स्टुलावर बसवलं आणि विचारायला लागली. वारा कुठून येतो, समोरून की वरून? हात मोकळे लागतात का? उन्हात बसपर्यंत चालत जाता तेव्हा ते पांघरूण कुठे ठेवणार? एकेक प्रश्नाचं उत्तर देताना मला जाणवलं, इतक्या महिन्यांत माझ्या दिवसाबद्दल एवढं बारकाईने कुणी विचारलंच नव्हतं.

"लोकर नको," ती म्हणाली. "सुताचीच करू. दोन पदरी, आत जुनं धुतलेलं लुगडं घालते. दुलईच, पण फक्त खांद्यापुरती."

भाऊ थानं काढायला लागला. विटकरी, हळदी, काळ्या काठाचं पांढरं. मी हात फिरवून बघत होते. बाजूला चादरींची थप्पी होती, तिला टेकले. पुढचं मला आठवत नाही. जाग आली तेव्हा दुकानात दिवा लागला होता. माझ्या पायांवर कुणीतरी चादर घातली होती आणि पंखा माझ्याकडे फिरवला होता. एक गिऱ्हाईक हळू आवाजात भाव करत होतं.

"उठवायचं ना!" मी ओशाळून म्हटलं.

"मीच नको म्हटलं," बहीण म्हणाली. "तुमच्या लेकीचा फोन आला होता, मीच उचलला. मी सांगितलं, आई आमच्याकडे आहे, चहा घेऊन येते."

आणि खरोखरच चहा आला.

दुलई विटकरी रंगाची झाली. ती घालून बसले त्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हात लावून पाहिला. मग दुसऱ्या विभागातून विचारणा आली. संध्याकाळी बसमधून आम्ही चौघी-पाचजणी एकदम बूढातलावाशी उतरायला लागलो. ड्रायव्हर म्हणायचा, "इथे मंत्रालयाचं कोणतं ऑफिस उघडलं?" दुकानात एवढ्या बायका मावायच्या नाहीत, काहीजणी पायरीवर बसायच्या. कुणाला हळदी हवी, कुणाला काठ रुंद. घाई केली की बहीण सरळ सांगायची, "हात दोनच आहेत मले. थांबत असाल तर थांबा." आम्ही थांबायचो. दिवसभरात कशासाठी आनंदाने थांबलो असू, तर त्यासाठीच.

एकदा तिनेच म्हटलं, "मले ते ऑफिस बघायचं आहे. भर उन्हाळ्यात थंडी कशी वाजते ते."

मी पास काढला. ती आमच्या बसने आली, खिडकीशी बसून. माझ्या खुर्चीवर तिला बसवलं. थोड्या वेळाने तिने पदर गळ्याभोवती ओढला आणि वर जाळीकडे पाहिलं. मग हॉलभर नजर फिरवली. ठिकठिकाणी तिच्या दुलया होत्या. कुणी फाईल उचलायला वाकलं की दुलई खांद्यावरून घसरत होती आणि ती बाई ती पुन्हा वर ओढत होती. ते ती बराच वेळ बघत बसली.

"रोज येता इथे?" तिने विचारलं.

"हव," मी तिच्याच ढंगात म्हटलं. "रोज."

"बाप रे," एवढंच बोलली.

त्यानंतरच्या दुलयांना गळ्याशी कापडी गुंडी आली. आधीच्याही तिने परत मागवून घेतल्या आणि लावून दिल्या. माझ्या दुलईची गुंडी काळी होती, बाकीच्यांच्या पांढऱ्या. कारण मी विचारलं नाही.

मी निवृत्त झाले तेव्हा माझी दुलई नव्याने लागलेल्या एका मुलीला दिली. तिला ती आवडली की कसं, ठाऊक नाही, घेतली मात्र. दुकानातल्या बहिणीचे डोळे आता सुई ओवण्याइतके राहिले नाहीत, म्हणून मशीन बंद आहे. भाऊ थानं विकतो. दुपारी कधी बाहेर पडले तर मी दुकानात जाते. टॉवेल घरात पुरेसे आहेत, तरी एखादा घेते. ती पुढे येऊन बसते, घडी उलगडून सूत बोटांनी चाचपते आणि सांगते, "हा घ्या, हा चांगला विणला आहे." मी तोच घेते.