न वाळलेले सोल्युशन

पंक्चर काढणाऱ्याने आज सोल्युशनची नळी उघडली आणि त्या वासासरशी मला दत्तू आठवला. लढाईच्या दिवसांत सातारा-सांगली शर्यतीसाठी मी या मित्राच्या सायकलला रिमवर चिकटवायचे हलके टायर बसवले होते.

“साधा टायरच बरा हाय गड्या, वाटंत पंक्चर तरी काढता येतं,” तो म्हणाला होता.

मी ऐकले नाही. सोल्युशन रात्रभर वाळायला हवे होते. मी ते पहाटे लावले आणि त्याला सांगितले नाही. उतारावरच्या वळणावर टायर निसटला. दत्तूचा गुडघा कायमचा गेला आणि पलटणीतली ठरलेली भरतीही.

इस्पितळात तो म्हणाला, “निघताना अंगठ्यानं दाबून बघतो मी. तू चिकटवलं व्हतंस, म्हनून बघितलं न्हाई रं.”

मी त्याला पाणी पाजले आणि गप्प राहिलो. गेल्या महिन्यात त्याला स्मशानात पोचवून आलो, तोवर गप्पच होतो.