लवंगेचा खवा

आष्टीला आमच्या वडिलांची, अण्णांची, खव्याची भट्टी होती. कढईची खरवड आम्ही भावंडं भांडून खायचो. ती चव आता कुठली! खवा एसटीनं परळीच्या पेढेवाल्याकडं जायचा. पावसाळ्यात मात्र पोचेपर्यंत आंबायचा आणि पाटी तशीच परत यायची. तेव्हा टपरीटपरीवर नव्या कंपन्यांच्या थंड बाटल्या आल्या होत्या. अण्णांच्या खव्याला मात्र बर्फ मिळत नव्हता.

दादा नुकताच परभणीहून अन्नतंत्राची पदवी घेऊन आला होता. लवंगेच्या तेलानं जंतू मरतात म्हणून त्यानं थोडं तेल थेट खव्यात घातलं. अण्णांनी चाखला आणि थुंकून टाकला. "दाढ दुखल्यावर खायाचा का रं ह्यो?"

दादा हटतोय कसला! त्यानं तेल मक्याच्या स्टार्चच्या खळीत घोटलं, ताटात वाळवलं आणि भुकटी केली. तेलाच्या कणाभोवती पापुद्रा बसतो, म्हणाला. वास आत कोंडतो, तेल हळूहळू सुटतं. चिमूटभर भुकटी घातलेला खवा खरंच टिकला, आणि लवंग कळतही नव्हती. आम्हाला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पाटी घेऊन अण्णा, दादा आणि मी परळीला गेलो. पेढेवाल्यानं रिवाजाप्रमाणे, स्टार्च आहे का बघायला, खव्यावर आयोडीनचा थेंब टाकला. खवा निळा पडला. खव्यात स्टार्च म्हणजे भेसळ, हे शेंबडं पोरही सांगेल. आमच्या पदवीधराच्याच ध्यानात आलं नव्हतं! दादा समजावायला लागला, तर पेढेवाला भर गिऱ्हाइकांत म्हणाला, "कालेजात भेसळ शिकिवत्यात का बे?" असला संताप आला मला! अण्णा पाटी उचलून निघाले. पुढं कितीतरी दिवस ते धड जेवले नाहीत, दादाशी बोलले नाहीत.

पापुद्रा डिंकाचाही बसतो, आणि डिंक काही निळा पडत नाही. मग आम्ही बांधावरच्या बाभळींचा डिंक वेचला. दादानं त्यातच तेल घोटून नवी भुकटी केली. तो खवाही टिकला. अण्णा स्वतःच म्हणाले, "चला परळीला."

दुकान गच्च भरलेलं. अण्णांनीच आयोडीनची बाटली मागून घेतली आणि खव्यावर थेंब टाकला. थेंब पिवळा तो पिवळाच राहिला. पेढेवाला हसला. "ठिवा पाटी. तुमच्यावर कुटं शंका हाय?"

"माझं सोडा," अण्णा म्हणाले. "माझ्या पोराला चारचौघांत भेसळवाला म्हनलात तुमी. आता चारचौघांतच सांगा, न्हाई म्हून."

इतके दिवस ते दादावर रागावलेत, असंच आम्हाला वाटत होतं. दादा तिथंच, गिऱ्हाइकांसमोर, ढसाढसा रडला.